शोलेतमधलं लोणी

अगं बायांनो, ऐका ना, ही रेझी आत्ता एवढ्या तोऱ्यात बटाटे सोलतेय ना, हिला मी लोण्यानं वाचवलंय. हसू नका, तिलाच विचारा.

युद्धातली, जर्मनांच्या तोफगोळ्यांच्या कारखान्याची ती छावणी. आम्ही सगळ्या हंगेरीच्या ज्यू पोरी, पोटात सलगमाचं पाणी, आणि चाळा काय, तर सकाळी हजेरीआधी फळ्यांवर पडल्या पडल्या तोंडानं, म्हणजे नुसता बोलून, स्वयंपाक करायचा. शारीमावशी सगळ्यांत मोठी, ती चव बघून मीठ जास्त झालंय म्हणायची. मला कुणी चुलीपाशी येऊच द्यायचं नाही. आमच्या घरी स्वयंपाकीण होती, मला साधं अंडं उकडता यायचं नाही, तोंडानंसुद्धा.

रेझी मात्र सुगरण. पण ऑशविट्झहून नवीन आलेल्या एका बाईकडून हिला आई गेल्याचं कळलं, आणि ही गप्पच झाली. एका सकाळी उठेचना. हजेरीला जी उभी राहायची नाही, तिला ट्रकमध्ये घालून परत ऑशविट्झला न्यायचे. मावशीनं ओढलं, शिव्या दिल्या, रडली. ही भिंतीकडे तोंड करून. बाहेर शिट्टी झाली.

शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र दिवशी, आदल्या रात्रीपासून शिजणारं शोलेत नावाचं कालवण असतं, तेवढंच मला सुचलं. म्हटलं, आज शब्बाथचं शोलेत मी लावते. राजमा, जव, बदकाची तंगडी, आणि वरून गोळाभर लोणी.

मांसाला दूध-लोणी शिवू द्यायचं नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. शपथ सांगते, मुद्दाम नव्हते म्हणाले. वर काहीतरी पिवळं वितळतं, एवढंच मला आठवत होतं.

भिंतीकडून आवाज आला, "लोणी?"

"गोळाभर."

"बोझी, गाढवे, ती बदकाची चरबी असते."

"आमच्याकडे लोणीच घालायचे."

"तुमच्याकडे डुक्करही घालत असतील. भांडं बाटवलंस की गं माझ्या आईचं."

आणि ही उठून बसली. मावशीनं तेवढ्यात तिच्या पायांत लाकडी बूट सरकवले. रांगेत माझ्या मागे उभी राहून ओठ न हलवता सांगत होती, लोखंडी भांडं असेल तर उकळून शुद्ध होतं, मातीचं फोडावं लागतं, तुझ्याच डोक्यावर. पहारेकरीण आम्हा दोघींना मोजून पुढे गेली.

मग काय, मी रोज काहीतरी बाटवायला लागले, आणि ही रोज उठायची, मला शिव्या घालायला.

शारीमावशी नाही परत आली. त्याच हिवाळ्यात छावणीतच गेली, माझ्या सूपमध्ये मीठ जास्त झालंय म्हणत.

आज रेझी आईचं शोलेत लावतेय, खऱ्या चुलीवर. मी म्हटलं, मदत करू? तर म्हणते, तू तिथंच बस, आणि हात दिसतील असे ठेव.