हातांना सुट्टी

परवाना कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीवर मी अकरा वर्षं बसले. समोर बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि त्याची वीतभर काच. बाहेरून कामाला आलेल्या प्रत्येकाने दरवर्षी या काचेवर बोटं टेकवायची. यंत्राने ओळखलं तर आणखी एक वर्ष राहायचं, नाही ओळखलं तर मागच्या खोलीत जायचं. मागच्या खोलीत काय चालतं ते मी कधी पाहिलं नाही. कोणी बोलावलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी मान लांब केली नाही.

गवंडी, फरशीवाले, भांडी घासणाऱ्या बायका यांची बोटं झिजलेली असतात. सिमेंट कातडी खातं. यंत्र बिचारं शोधशोध शोधतं आणि लिहितं, ‘ठसा जुळत नाही’. पूर्वी मी अशा माणसाला पुन्हा यायला सांगायचे आणि विषय संपायचा. पण बाजारात तो स्फोट झाला, बावीस माणसं गेली, आणि सरकारने बाहेरच्या माणसांना नव्याने मोजायला घेतलं. आता दुसऱ्यांदा ठसा जुळला नाही की थेट मागची खोली.

म्हणून मी एक उपाय काढला होता. दहा दिवस सिमेंटला हात लावायचा नाही, सकाळ-संध्याकाळ बोटांना तेल चोळायचं. रेषा परत येतात. हे मी खिडकीतून हळूच सांगायचे. सांगायची परवानगी नव्हती, पण रांगेतले लोक मला डॉक्टरीणबाई म्हणायचे आणि मी आतून फुगून जायचे. कशाला खोटं बोलू?

फरशीवाला बायकोला घेऊन आला तो सोमवार होता. पॅन्टच्या दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं, अंगठे नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत. ठसा जुळला नाही.

“ताई, यंत्राला सांगा, तुम्ही बसलाय ती फरशी मीच बसवलीय,” तो म्हणाला. “उखडून बघा, खाली माझी बोटं उमटलेली असतील.”

“ती उखडायला अर्ज लागतो,” मी म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. मग मी उपाय सांगितला.

“दहा दिवस? मुकादम ओरडेल हो.”

“ओरडू द्या. परवानाच गेला तर तो ओरडणार कोणावर?”

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

झालं असं होतं की स्फोटानंतर परिपत्रकांचा नुसता पाऊस पडत होता. आमच्याकडे परिपत्रक वाचत नाहीत, ‘वाचले’ म्हणून सही करून पुढच्या टेबलावर सरकवतात. त्यातलंच एक मी आदल्याच आठवड्यात सरकवलं होतं. कामगार सात दिवस कामावर दिसला नाही तर मुकादमाने कळवायचं, आणि त्याचं नाव बेपत्तांच्या यादीत चढवायचं. मुकादमांचं काम सात नंबरची खिडकी बघते, माझा काय संबंध, असं म्हणून मी सही ठोकली होती.

अकराव्या दिवशी फरशीवाला आला तो नवरदेवासारखा. केस चापून बसवलेले, हात स्वच्छ पंच्यात गुंडाळलेले. “घरात पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही मी,” बायको म्हणाली. त्याने पंचा सोडला, बोटं काचेवर ठेवली. दहाच्या दहा बोटं पहिल्या फटक्यात जुळली. मी तर टाळीच वाजवली.

मग पडद्यावर लाल ओळ आली. ‘बेपत्ता कामगार. सुरक्षा कक्षास कळवले आहे.’

कळवायचं मला कामच नव्हतं, यंत्रानेच कळवलं. मागचं दार उघडून दोघं रखवालदार आले. फरशीवाला तेव्हाही हसतच होता. त्यांनाही बोटं बघायची असतील असं वाटून त्याने दोन्ही हात पुढे केले. त्यांनी त्याच हातांना धरून त्याला आत नेलं.

त्याला परत पाठवायच्या आधी पुरावा द्यायला नऊ दिवसांची मुदत होती. बायको रोज खिडकीसमोरच्या बाकावर येऊन बसायला लागली. तिसऱ्या दिवशी रांग संपल्यावर ती जवळ आली.

“ताई, एक ओळ लिहून द्या. तुम्हीच सांगितलं होतं म्हणून ते घरी राहिले, एवढंच.”

“बघते,” मी म्हणाले.

काय बघणार होते, कपाळ! ठसे सुधारायची युक्ती शिकवणं आता गुन्ह्यात बसत होतं. दोन नंबरच्या खिडकीवरच्या बाईला याहून कमी गोष्टीसाठी घरी बसवलं होतं. आमचे हे दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले, सासूबाईंना दिसत नाही. मी रोज मनात ती ओळ लिहायचे आणि रोज मनातच फाडायचे.

तेव्हापासून काचेचं सुरू झालं. सकाळी आल्या आल्या मी ती पुसायचे, आणि फडकं उचललं की दोन अंगठे दिसायचे. स्वच्छ, रेषा न् रेषा मोजता येईल असे. शेजारच्या खिडकीवरच्या बाईला बोलावलं. “कुठे काय? आरशासारखी आहे की,” ती म्हणाली. मी पुन्हा पुसली. अंगठे तिथेच होते. त्यांच्यावरच दुसऱ्यांची बोटं टेकवून घेत मी दिवस काढायचे. घरी सासूबाई चाचपडत खिडकीच्या काचेला हात लावायला गेल्या, तर मी अशी किंचाळले की त्यांच्या हातातली काठी पडली. मला भीती वाटत होती. कशाची ते विचारू नका.

नवव्या दिवशी सुरक्षा कक्षाचे साहेब स्वतः तिला घेऊन खिडकीपाशी आले.

“या बाई म्हणतात, नवऱ्याला सुट्टी घ्यायला तुम्ही सांगितलं. खरं का?”

ती माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काळजी अशी नव्हतीच. आता एकदाचं सुटलो, असा चेहरा.

“दिवसाला दोनशे माणसं येतात साहेब. आठवत नाही.”

“आठवत नाही, की सांगितलं नाही? फॉर्मवर एकच काहीतरी लिहायचंय.”

मी म्हणाले, “सांगितलं नाही.”

मला वाटलं, ती आता शिव्या देईल, झिंज्या धरेल. द्यायला हव्या होत्या. मी सहन केल्या असत्या, बरंसुद्धा वाटलं असतं. तिने खाली बघितलं आणि साहेबांना म्हणाली, “मग माझीच काहीतरी गल्लत झाली असेल. दुसऱ्या कोणी सांगितलं असेल. या ताई चांगल्या आहेत, यांना त्रास नको.”

घाबरून म्हणाली, की मनापासून म्हणाली? मला आजही कळलेलं नाही.

साहेबांनी लिहिलं, ‘जबाब खोटा’. खाली तिचा ठसा हवा होता. तो दिला की नवऱ्याबरोबर तिचाही परवाना संपणार होता. तिला हे माहीत नव्हतं, मला होतं. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. तिचा हात काचेवर ठरत नव्हता. म्हणून मी माझ्या हाताने तिचं बोट धरलं आणि नीट टेकवलं.

“झालं का?” तिने विचारलं.

“झालं.”

तिने पदराने डोळे पुसले, पिशवी उचलली. “येते हं ताई,” ती म्हणाली.

आणि मी सवयीने म्हणाले, “या.”