कचरूच्या पाठीवरचा भोपळा

हसताय? हसा. परीक्षेत नापास झालात की माझंच नाव घेता, तेव्हा तुमच्या हसण्याची मला सवय आहे. मी भोपळा आहे, अन् अंबडकडच्या एका गावात निम्म्या गड्यांना मी बुडू दिलं नाही, एवढं आधी ऐकून ठेवा.

निजामाचं राज्य जायच्या थोडं आधीची गोष्ट. कचरूच्या छपरावर माझा वेल होता. वाळून खडखडीत झालो, तसा दोरी बांधून मला विहिरीवर नेला. तिथं काठावर कारभारी नावाचा उस्ताद बसलेला. स्वतः पाण्यात उतरलेला मी त्याला कधी पाहिला नाही, पण शिकवण काय विचारता! ज्याचं पाणी उडून वर मोटेच्या चाकाला लागेल, तो म्हणे पट्टीचा पोहणारा. मग गडी मला पाठीवर बांधून थाडथाड पाणी बडवायचे, जागच्या जागी दमायचे अन् वर येऊन मिशीला पीळ द्यायचे. पाण्यानं यांचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे.

कचरू त्यांचा मेरुमणी. त्याची बायको गोजरबाई मात्र गंगेपलीकडची, म्हणजे आमच्या गोदावरीपलीकडची, काठावरच वाढलेली. बाळंतपणाला माहेरी निघायच्या आधी पाणी भरताना तिनं हे बडवणं पाहिलं अन् फिदीफिदी हसली.

"अवो, पाण्याला मारून काय व्हतंय? हात लांब सोडा, पाणी मागं लोटा, अन् अंगाला जरासं वाहू द्या. आमच्या गंगेत असं बडवलं तर मधातच तळाला बसाल."

कचरूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायकोचं ऐकेल तो गडी कसला!

श्रावणात पूर आला अन् नाव वाहून गेली. पाणी ओसरलं, तेव्हा पलीकडचा एक कोळी पोहत निरोप घेऊन आला. मुलगा झालाय. आधीची दोन लेकरं गेली म्हणून सासू याचं नाव कडूबा ठेवतेय, म्हणजे मरणाला गोड लागणार न्हाई. बारसं सव्वा महिन्यानं; त्याला बाप आला तर बापाचं ऐकू, न्हाई आला तर कडूबा.

कचरूचं तोंडच उतरलं. तोही असाच, जगावा म्हणून आईनं उकिरड्यावर ठेवून परत उचललेला. बाजारात कुणी नावानं हाक मारली की परकी माणसं वळून हसायची. "माझ्या लेकराला असलं नाव न्हाई," म्हणाला, अन् पहिल्यांदाच मला काठावर टाकून विहिरीत उतरला.

आधी गटांगळ्या खाल्ल्या. वाटलं, बरं झालं, कळू दे माझी किंमत. पण गडी हटला नाही. रोज येऊन हात मुकाट्यानं पाण्यात घालायचा, लांब सोडायचा, मागं लोटायचा, कुशीवर वळून श्वास घ्यायचा. हळूहळू थोड्याच हातांत विहीर ओलांडू लागला, अन् धापही लागेना.

"कचऱ्या, चोरावानी काय पोहून राह्यला? पाणी वाजू दे!" कारभारी ओरडला.

"वाजवायला हलगी हाये, उस्ताद. मला पल्याड जायचंय."

बारशाच्या सकाळी त्यानं काय करावं? माझं तोंड कापलं! बिया काढून आत बाळाची कुंची कोंबली, मेण लावून बूच बसवलं, अन् कमरेच्या दोरीनं मला मागं ओढत गंगेत शिरला. इतके दिवस ज्यानं तारलं त्याला हमाल केला मेल्यानं! मी डुचमळत शिव्या घालत होतो. मधल्या धारेला लागलो, तशी माझी बोलती बंद झाली. कचरू घाबरला, जुन्या खोडीनं पाणी बडवू लागला, नाकातोंडात पाणी गेलं. आता हा वळून मला मिठी मारणार, असं मला वाटलं. वाटच पाहत होतो, खोटं कशाला बोलू? पण तो वळला नाही. त्यानं हात लांब सोडला अन् पाणी मागं लोटलं.

पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. दारात ओलाचिंब जावई.

"बडवत आलात का?" गोजरबाईनं विचारलं. डोळे भरले होते तिचे.

"न्हाई. तू सांगितलं तसं," तो म्हणाला, अन् माझं बूच काढून कोरडी कुंची तिच्या हातात दिली. "नाव धर्मराज."

सासू धुसफुसली, पण शब्दाला जागली.

धर्मराज आता पाच वर्षांचा आहे. बाजारात हाक मारली तर कुणी वळून हसत नाही. मी आढ्याला लटकतोय, पोटात माझ्याच बिया, पेरायला म्हणून परत भरून ठेवलेल्या. कारभारी अजून काठावर बसलाय म्हणे, अन् पाणी अजून चाकापर्यंत उडतंय. उडू द्या. माझं एकच मागणं आहे. या बिया पेराल, माझी लेकरं कुणाच्या पाठीवर बांधाल, तेव्हा त्यांना भोपळा म्हणून हसू नका. नावाला हसलं की कुठं लागतं, ते कचरूला विचारा.