शेवटच्या पानावरचा फोटो

माझा थोरला भाऊ हल्ली इतिहासकार झालाय. इतिहास कसला, तर व्हिडिओ गेमच्या मशीनचा. घरातल्या एका खोलीत त्याने जुनी मशीनं काचेमागे मांडून ठेवली आहेत. त्यांना हात लावायची कुणालाही परवानगी नाही; पुसायची तेवढी वहिनीला आहे.

परवा वाचनालयाच्या सभागृहात त्याचं भाषण होतं. विषय, कॅसेटच्या मशीनकडून सीडीच्या मशीनकडे नेणारं ते वर्ष. समोर पन्नाशीकडे झुकलेली तीसेक माणसं होती आणि वहिनीशेजारी मी.

"त्या वर्षी सगळे नव्याच्या मागे धावले," दादा म्हणाला, "जुन्याच्या बाजूने मी एकटा उभा राहिलो."

धादांत खोटं. सीडीवालं मशीन दुकानात आलं आणि आमच्या घरातलं मशीन त्याच्या लेखी एका दिवसात भंगार झालं. तो सतरा वर्षांचा होता, मी बारा. "त्या डबड्यावर काय खेळत बसतेस?" असं तो जाता-येता म्हणायचा. डबड्यावर त्याची धाव किल्ल्याच्या गेममधल्या चौथ्या मजल्यापर्यंत होती. तिथे पूल कोसळायचा आणि हा कंट्रोलर आपटून मशीनला शिव्या घालायचा. आपलं चुकतंय ही शंका त्याला तेव्हाही आली नाही आणि पुढेही कधी आल्याचं ऐकिवात नाही.

नव्याच्या बदल्यात दुकानदार जुनं मशीन घेत होता. दादाने बाबांना गुंडाळलं. मशीन जायच्या आदल्या दुपारी मी जेवणसुद्धा न करता खेळत बसले, आणि बाराव्या मजल्यावरचं शेवटचं दार उघडलं. पडद्यावर गुण झळकले. तेव्हा एका मासिकाच्या शेवटच्या पानावर किल्ला जिंकणाऱ्यांची नावं यायची. पुरावा म्हणून टीव्हीच्या पडद्याचा फोटो पाठवायचा असे. दादा बाबांचा कॅमेरा घेऊन आला. "मी पाठवतो, तुला पत्ता लिहिता येणार नाही," म्हणाला.

फोटो छापून आला. पोस्टाच्या तिकिटाएवढा, खाली त्याचं नाव. मी रडत आईकडे गेले तर ती म्हणाली, "नाव घरातच राहिलं ना?" नव्या मशीनला त्याने मला हात लावू दिला नाही. मी पुन्हा कधी खेळले नाही. ते मला अजून टोचतं. पोरकट म्हणा, पण टोचतं.

आता सभागृहात त्याने तोच फोटो भिंतभर लावला. मूळ निगेटिव्हवरून मुद्दाम मोठा करून आणला होता.

"हा माझा पुरावा," तो म्हणाला. "आणि असा फोटो काढणं सोपं नव्हतं. फ्लॅश पडला की काच पांढरी फटक. तो बंद ठेवायची अक्कल तेव्हा फार थोड्यांना होती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीकडे पाहत राहिले. काळा पडदा, मध्ये पांढरे आकडे आणि खाली काचेत आमच्या खोलीचं प्रतिबिंब. खिडकीच्या सरकलेल्या पडद्यातून ऊन आलं होतं. दोन वेण्यांची एक मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि तिच्यामागे एक उंच मुलगा उभा होता.

"ती मुलगी कोण?" मागच्या रांगेतल्या एका चष्मेवाल्याने विचारलं.

"माझी धाकटी बहीण," दादा म्हणाला. "बघत बसायची बिचारी."

वहिनी चारचौघांत कधी तोंड उघडत नाही. तिने पर्समधून चष्मा काढून लावला, भिंतीकडे नीट पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बसल्या जागेवरूनच म्हणाली, "अहो, कंट्रोलर वन्संच्या हातात आहे. तुमच्या हातात कॅमेरा आहे."

दादा वळून भिंतीकडे बघू लागला. तीस वर्षं फोटो उराशी बाळगला, पण त्यात काय आहे ते पाहिलं नाही. असा आमचा इतिहासकार. मग तो खाकरला. "आम्ही आळीपाळीने खेळायचो," म्हणाला.

चष्मेवाला त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्याने मला विचारलं, "चौथ्या मजल्यावरचा पूल कसा पार केलात हो? मला शेवटपर्यंत नाही जमला."

"उड्या मारायच्या नाहीत," मी म्हणाले. "सावकाश चालत जायचं. मग तो कोसळत नाही."

आवाज कापेल असं वाटलं होतं, पण कापला नाही. म्हणून मी उभी राहिले आणि राहिलेलंही सांगून टाकलं.

"आणि फ्लॅश बंद कर, हे दादाला मीच सांगितलं होतं."