भात फुलोऱ्यात असताना

"दिपकदादा, काढून टाक ते गाणं! तुझा बाबा येतोय!" मी दारातूनच ओरडले.

शुक्राबाबा बांधावरून झपाझप येत होता. आमचं नवं गाणं सकाळी सातला यूट्यूबवर चढवलं होतं आणि नऊच्या आत उधव्याच्या आमच्या पाड्यात ते मोबाइलमोबाइलवर वाजत होतं.

आमचा ग्रुप म्हणजे 'उधवा धमाका'. आत्तापर्यंतची सगळी गाणी हळदीतली. धाडधाड बीट, अर्धे शब्द गुजराती, नाचून लोकांच्या चपला तुटायच्या. या गाण्यात बीट नव्हताच. फक्त तारपा, आमचं ते फुंकायचं भोपळ्याचं वाद्य, आणि मी. हो, मी! दहावी 'ब'मधली प्रगती, जी गेल्या वर्षापर्यंत हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची.

पण नवं भात आमच्या धान्यदेवीला, कणसरीला, चढवल्याशिवाय तारपा फुंकत नाहीत. भात फुलोऱ्यात असताना तो वाजला तर देवी रुसते, दाणा पोकळ राहतो, असं शुक्राबाबा सांगतो. तो दिवसभर वाडीत चिकू उतरवतो, पण तारप्यात त्याच्या तोडीचा उभ्या तलासरीत कुणी नाही. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाला, "नवं भात येऊ दे." दिपकदादाला तर नवरात्राच्या आत गाणं हवं होतं. बाप कामावर गेल्यावर त्याने आढ्याचा तारपा उतरवला, दारा-खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि स्वतःच फुंकला. मी गायले. जाम मजा आली.

त्यानंतर तीन दिवस वारा थांबलाच नाही. आमचं भात आडवं पडलं. आई बांधावर नुसती उभी होती, आणि मी तिला काहीच सांगितलं नाही. तरी आज सकाळी आम्ही गाणं चढवलंच.

शुक्राबाबा आत आला. हातात कोयता. दिपकदादा भिंतीला चिकटला.

"कोनी फुंकला?"

"मी, बाबा. आवाज बाहेर नाय गेला, गोधड्या लावलेल्या…"

"कणसरीला गोधडी आडवी येते काय रं?"

मी पुढे झाले. म्हणाले, "बाबा, मी पण होते. आम्ही आत्ता काढून टाकतो."

"लाव."

"अं?"

"लाव पोरी. माज्या कानांनी ऐकू दे."

अंगठा दोनदा चुकला. मग तारपा घुमला. बाबाने कोयता खाली ठेवला. एका ठिकाणी दिपकदादाचा दम तुटला होता. तिथे बाबाचे गाल आपोआप फुगले.

"काढू?" दादाने हळूच विचारलं.

"काढून भात उभं ऱ्हाईल काय? दाना भरतो का नाय, ते आता कणसरीच्या हातात." त्याने आढ्याचा तारपा उतरवून छातीशी धरला. "ह्यो मात्र तुमाला परत नाय."

गाणं अजून चालूच होतं. वाजत्या तारप्याला आमच्यात पाठ दाखवत नाहीत. बाबा मोबाइलकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरकत गेला. दाराशी त्याची टाच बराच वेळ उंबरा चाचपत राहिली.