खिंडीपलीकडचं हवामान

"हात पुढे करा. असे नाही, हँडल धरल्यासारखे."

दुकानाच्या मधोमध लाकडी घोडीवर एक बिनचाकी मोटरसायकल ठेवली होती. सिस्टर तिच्यावर बसल्या आणि त्यांनी हात पुढे केले. जॅकेटच्या बाह्या सरसर मागे सरकल्या, मनगटं उघडी पडली.

दुकानदारानं मान हलवली. "आखूड. उभ्यानं पाहिलं तर मापाचं वाटतं. पण हे उभ्यानं कोण वापरतं? पडलात तर आधी मनगटाची साल निघेल."

पडलात हा शब्द त्यानं इतक्या सहज वापरला, की सिस्टरांनी बाह्या ओढून मनगटं झाकली.

त्यांचे यजमान कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर दोन हेल्मेटं घेऊन बसले होते. जन्मभर ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे दुकानातही हळू आवाजात बोलत. "एक नंबर मोठं द्या हो," ते म्हणाले. "चोवीस वर्षं माझा जुना स्वेटर घालून हिंडली ही. त्याच्या बाह्या कधी आखूड पडल्या नाहीत."

"अहो, तुम्ही जरा गप्प बसाल का?" सिस्टर म्हणाल्या आणि दुकानदाराकडे वळल्या. "आणि हे माझ्यासाठी नकोय. आमच्या आरोग्य केंद्रात एक नवी नर्स आलीय, तिच्यासाठी हवंय. अंगानं माझ्याएवढीच आहे. आली तेव्हा तिची ट्रंक मागे राहिली होती, तर आठवडाभर माझाच गणवेश घालत होती."

"मग त्यांनाच आणायचं ना. दुसऱ्याच्या अंगावर माप घेणं काही खरं नाही."

"तिचा हात गळ्यात आहे. गळ्याखालचं हाड मोडलंय."

"गाडीवरनं?"

"गाडीवरनं."

दुकानदारानं आखूड जॅकेट काढून घेतलं आणि तो आत गेला.

खिंडीपलीकडच्या सात वस्त्या सिस्टरांनी चोवीस वर्षं सांभाळल्या होत्या. मागच्या सीटला लसींची पेटी बांधायची आणि निघायचं. तीनदा पडल्या, तिन्ही वेळा गुडघे झटकून उठल्या. या वर्षी मात्र उजव्या गुडघ्यानं पुरता दगा दिला. चढावर गाडी पायानं तोलून धरता येईना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना केंद्रातच बसवलं आणि तो रस्ता नव्या मुलीकडे गेला. तिला सगळे धाकटी म्हणू लागले, त्यामुळे सिस्टर आपोआप थोरल्या झाल्या. ते त्यांना फारसं आवडलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात धाकटीनं चहाच्या वेळी विचारलं होतं, "ताई, अंगावर काय घालून जाऊ? वर खिंडीत हवा फार बदलते म्हणतात."

डॉक्टर होते, कंपाउंडर होता. सिस्टर म्हणाल्या, "काय घालू म्हणजे? मोटरसायकल चालवायचीय, लग्नाला नाही जायचं. एक स्वेटर, वर रेनकोट. आम्ही चोवीस वर्षं तेवढ्यावरच काढली."

सगळे हसले. धाकटीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. सिस्टरांनी ते पाहिलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंही वाटलं होतं.

बाराव्या दिवशी धाकटी स्वेटर आणि वर ढगळ रेनकोट घालून गेली. खिंडीच्या माथ्यावर आडवा वारा रेनकोटात शिरला, रेनकोट छत्रीसारखा फुगला आणि त्यानं तिला गाडीसकट बाजूच्या दरडीवर नेऊन आपटलं. लाकडं वाहणाऱ्या ट्रकवाल्याला ती तासाभरानं दिसली. भिजून दगड झालेला स्वेटर अंगावर, आणि एका हातानं लसींची पेटी ओढत ती आडोशाला न्यायला बघत होती.

अहवालात डॉक्टरांनी कारण लिहिलं, खराब हवामान. सिस्टरांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं.

दुकानदार चार-पाच जॅकेटं खांद्यावर टाकून बाहेर आला. "गाडी कुठली ते राहू द्या. रस्ता सांगा."

"रस्ता?"

"कुठनं कुठं, आणि वाटेत कशी हवा लागते ते."

सिस्टर सांगू लागल्या. "केंद्रातनं निघालं की पहिला तासभर खालचं खोरं. झाड नाही, सावली नाही. उन्हाळ्यात तिथं टाकी तापून मांड्या भाजतात. मग चढ लागतो. अकरावं वळण घेतलं की ऊन संपतं, एकदम, दार लावल्यासारखं. वर खिंडीत वारा डावीकडनं येतो. कायम डावीकडनं. धुकं असलं की मी हॉर्न वाजवत जायची, समोरचा काही दिसायचा नाही. पलीकडे उतरलं की पाऊस. इकडं कोरडं ठणठणीत असलं तरी तिकडं पाऊस असतोच. आणि हिवाळ्यात शेवटच्या दोन वस्त्यांना सावलीतल्या रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा. तिथं ब्रेक लावायचाच नाही, नुसती गाडी सोडून द्यायची हळूहळू."

त्या थांबल्या. यजमानांनी हेल्मेटं खाली ठेवली होती.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

ते चष्मा काढून पुसत राहिले.

दुकानदार आता वेगळाच माणूस झाला होता. त्यानं एक जाळीचं जॅकेट सिस्टरांना चढवलं. खांद्यांवर, कोपरांवर आणि पाठीवर कठीण गाद्या होत्या. त्या त्यानं बोटांनी दाबून, जागच्या जागी बसल्यात ना ते पाहिलं. "खोऱ्यात हे. वारा आरपार जातो. उकडतंय म्हणून माणसं जॅकेट काढून ठेवतात आणि नेमकी त्याच दिवशी पडतात. चढ सुरू व्हायच्या आधी थांबायचं आणि आतनं हे उबदार अस्तर लावायचं. थंडी वाजायला लागल्यावर नाही, आधी. आणि पावसाचा सूट सगळ्याच्या वरनं."

"आतनं पाऊस अडवणारं अस्तर मिळतं ना?" यजमानांनी विचारलं. त्यांनी रात्र जागून कुठलंसं मासिक वाचलं होतं.

"मिळतं. आतनं माणूस कोरडा राहतो, पण जॅकेट पाणी पितं. मग त्याला वारा लागला की पाठीवर बर्फाची लादी घेऊन बसल्यासारखं. पाऊस बाहेरच अडला पाहिजे." त्यानं पिवळाजर्द सूट उलगडला. दंडाला, कमरेला, पोटरीला पट्टे होते. एकेक पट्टा तो ओढून बसवत गेला. "आणि कुठंही फुगता कामा नये. फुगलं की ते शीड होतं. वारा नेईल तिकडं जायचं मग."

सिस्टर मोटरसायकलवर बसून होत्या. त्यांनी मान खाली घातली.

"फार घट्ट झालं का?" दुकानदारानं विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."

घोट्यावर येणारे बूट घेतले, काचेवर वाफ न धरणारं हेल्मेट घेतलं, उन्हाचे आणि थंडीचे असे हातमोज्यांचे दोन जोड घेतले. निघताना यजमान म्हणाले, "जाळीचं एक तूही घे की." त्या म्हणाल्या, "मी आता कशाला?" आणि पिशव्या उचलून चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या धाकटीच्या घरी गेल्या. दार तिच्या आईनं उघडलं. पिशवीतून डोकावणारं हेल्मेट पाहून तिनं दारातली वाट सोडलीच नाही.

"ती आता जाणार नाही त्या रस्त्यानं," आई म्हणाली. "बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय आम्ही. उगीच गळ घालू नका."

"गळ घालायला नाही आले. एक सांगायचंय, तिला आणि तुम्हालाही."

धाकटी आतून आली. हात झोळीत, केस कुणीतरी दुसऱ्यानंच विंचरलेले. सिस्टरांनी खुर्ची घेतली नाही.

"तू मला विचारलं होतंस काय घालू म्हणून. मला चांगलं उत्तर देता आलं असतं. तो रस्ता मला तोंडपाठ आहे. पण चार माणसं हसतील असं बोलले मी. तुझ्याकडे नीट बघून बोलले असते तर तू पडली नसतीस."

"ताई, पाऊस होता हो," धाकटी म्हणाली.

"पावसाला नको बोलूस. पाऊस मलाही होताच."

आई दारातच उभी होती. तिचा चेहरा काही सैल झाला नाही, पण ती म्हणाली, "बसा." सिस्टर बसल्या.

धाकटीनं एका हातानं पिवळा सूट बाहेर ओढला, उलटसुलट करून पाहिला. मग तिनं विचारलं, "हे एवढे पट्टे कशाला?"

सिस्टरांनी सांगितलं. शिडाचंही सांगितलं. धाकटी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी अजून काही ठरवलेलं नाही, ताई."

"नको ठरवूस. तू नाही गेलीस तर जी कुणी जाईल तिला दे."

दीड महिन्यानं, सोमवारी सकाळी, धाकटी केंद्राच्या अंगणात गाडी घेऊन उभी होती. जाळीचं जॅकेट अंगात, बाकीचं सगळं मागं पेटीच्या वर घडी करून बांधलेलं. सोडायला आई आली होती. ती फाटकाबाहेरच थांबली. सिस्टरांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि पेटीचा दोर ओढून पाहिला. काहीतरी बोलावं असं वाटत होतं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "अकराव्या वळणाच्या आधी थांब."

"हो ताई."

त्या दिवशी सिस्टरांचं लक्ष कशात लागलं नाही. दोनदा त्यांनी एकाच बाळाचं वजन केलं. घड्याळाकडे पाहून त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, आता खोरं संपलं असेल, आता चढ लागला असेल, आता ती अस्तर लावायला थांबली असेल, की नसेल? दुपारी फोन वाजला तेव्हा त्यांनी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

पलीकडच्या शेवटच्या वस्तीवरची म्हातारी बोलत होती. तिच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं सिस्टरांनीच केली होती.

"पोचली हो तुमची मुलगी. पिवळीधमक! आमचा कुत्रा तर पळूनच गेला. सुईबिई देऊन माघारी निघालीसुद्धा."

सिस्टर भिंतीला टेकल्या. "कशी आहे? नीट केलं ना सगळं?"

"चांगली आहे. हात हलका आहे. आणि ऊन ऊन हात आहेत हो तिचे. तुम्ही पोटाला हात लावलात की पोरी नुसत्या दचकायच्या. बर्फासारखे असायचे."

"मग कधी बोलला कसं नाहीत तुम्ही?"

"काय बोलायचं?" म्हातारी म्हणाली. "एवढ्या लांबनं यायचात."

सिस्टरांनी फोन जागेवर ठेवला. बाकावर तपासायला आलेली एक पहिलटकरीण कधीची वाट पाहत बसली होती. सिस्टरांनी तिला आत घेतलं, पलंगावर आडवं व्हायला सांगितलं. खोली उबदार होती, बाहेर ऊन होतं. तरी तिच्या पोटाला हात लावण्याआधी त्या थांबल्या आणि दोन्ही तळवे एकमेकांवर घासत उभ्या राहिल्या, बराच वेळ.