माझ्यामुळे पालथा झालेला माठ

मी ऑक्झॅलिप्लॅटिन बोलतोय. नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून सोलापुरातल्या कॅन्सर वॉर्डात नातेवाईक मला नुसतं ‘प्लॅटिनमचं औषध’ म्हणतात.

सराफाच्या दुकानात अंगठीत मिरवतो तोच प्लॅटिनम माझ्या पोटात आहे. कारखान्यात त्याला आम्लात विरघळवलं, त्याचं औषध केलं आणि काचेच्या बाटलीत भरलं. अंगठी झालो असतो तर कुणी हौसेनं बोटात घातलं असतं. माझी वाट कुणी हौसेनं पाहत नाही.

वळसंगच्या सारजाबाई मला एप्रिलमध्ये भेटल्या. ऑपरेशन करून त्यांच्या आतड्यातला कॅन्सर काढला होता. मागे लपून राहिलेल्या पेशी माराव्यात म्हणून मला बोलावलं होतं. बाटली लावताना वैदेही सिस्टर म्हणाल्या, "मावशी, आता चार-पाच दिवस गार पाणी प्यायचं नाही हं. गार वस्तूला हातही लावायचा नाही. बोटांना मुंग्या येतील, घसा आवळेल."

"बाई, उन्हाळा हाय की! त्यो बी सोलापूरचा!"

"कोमट प्यायचं."

सारजाबाई हसल्या. त्यांना ती चेष्टाच वाटली.

मी चेष्टा करत नाही. वाढत्या पेशींना मी धरतो, त्यांना दुप्पट होऊ देत नाही. पण आपलं-परकं मला नीट ओळखता येत नाही. बोटांच्या, घशाच्या नसांनाही मी डसतो. गार काही लागलं की तिथून झिणझिण्या उठतात.

तिसऱ्या डोसानंतर ऊन असं पेटलं की घराचे पत्रे तडतडू लागले. कोपऱ्यात माठ पाझरत होता. सारजाबाई नुसत्या त्याच्याकडे पाहत पडून राहायच्या. एका दुपारी राहवलं नाही. उठल्या, वाटी बुडवली आणि घटाघटा प्यायल्या. घसा गच्च आवळला. श्वास मिळेना, डोळे पांढरे झाले. थोड्या वेळानं घसा मोकळा झाला, तशा त्या ढसाढसा रडल्या.

"आता बास! मला न्हाय जायचं सोलापूरला. मरू दे, पर गार पानी पिऊन मरू दे."

त्यांचे मालक महेश्वर दारातच उभे होते. त्यांनी माठ उचलला, पाणी झाडाला ओतलं आणि तो अंगणात पालथा घातला. त्या दिवसापासून शेतातून घामानं निथळत यायचे आणि बायकोच्याच तांब्यातलं कोमट पाणी प्यायचे.

"तुमी कशाला?" सारजाबाईंनी विचारलं.

"मला बी गार सोसंना आताशा."

सारजाबाईंना खोटं कळलं. पुढच्या डोसाच्या दिवशी त्या नवऱ्याच्या आधी एसटीत चढून बसल्या.

पावसाळा सरता सरता उपचार संपले. तपासणीत कॅन्सर दिसला नाही. दिवाळीला माठ पुन्हा भरला, दोघं प्यायले.

मी मात्र पुरता गेलो नाही. माझे काही कण अजून त्यांच्या अंगात आहेत. बोटांची टोकं बधिर आहेत. नवऱ्याचा हात हातात घेतात, तर तळव्यावरचे घट्टे त्यांना कळत नाहीत. त्या पुन्हा पुन्हा चाचपतात. त्या वेळी वाटतं, आता निघून जावं, हे हात त्यांचे त्यांना परत द्यावेत. पण निघायची वाट मला ठाऊक नाही.

परवा शेजारची निंगव्वा आली. बराच वेळ पदराशी चाळा करत बसली, मग हळूच म्हणाली, "अक्का, शौचातनं रगत जातंय. कुनाला सांगू?"

"किती दिवस झालं?"

"लई दिवस न्हाय. लाज वाटती."

"लाजून मी उशीर केला, तू करू नगं. उद्या सकाळी एसटीनं जाऊ. मी येते की संगं."

कॅन्सर असलाच आणि लवकर सापडला, तर नुसत्या ऑपरेशनवर भागतं, माझी गरजही लागत नाही. कुणीतरी वाट पाहावी अशी आस मला जन्मभर होती. आज पहिल्यांदाच मनापासून वाटतंय, निंगव्वाची आणि माझी कधी गाठ पडू नये.