साडेपाचच्या आत परत

सभा अकराची होती आणि आत्या आठपासून चपला घालून घरात फिरत होती. मी चहा दिला, तो तिने कपाटावर ठेवला. दुसरा दिला, तो फ्रिजवर. तिसऱ्याला मी विचारलं, "प्यायचाय की मांडायचाय?"

"आपला विषय कितवा?"

"नववा. कालपासून अकरा वेळा सांगितलं."

"बाराव्यांदा सांगायला काय जातंय तुझं?"

गावच्या ग्रंथालयात आम्ही दोघीच. आत्या ग्रंथपाल, मी बाकी सगळं. पालिकेचं अनुदान दरवर्षी अर्ज केला की मिळायचं आणि मंजुरीच्या पत्रात दरवर्षी एक शब्द असायचा: 'यंदापुरते'. आत्याने असे एकोणीस यंदा काढले होते. या खेपेला तोही मिळणार नव्हता, कारण अंदाजपत्रकातून आमचा रकानाच उडाला होता. म्हणून तिने नवा प्रस्ताव दिला: घरपट्टीच्या दर रुपयातले दोन पैसे कायमचे ग्रंथालयाला. अर्ज नाही, विनंती नाही, हात जोडणं नाही. आज मंजूर झाला तर झाला. नाहीतर एक तारखेपासून ग्रंथालयाला कुलूप आणि आत पालिकेचे खराटे. खराट्यांना जागा कमी पडत होती म्हणे.

पालिका रस्त्याच्या पलीकडे. पावणेअकराला सभागृहाच्या दारात सभाकारकुनांनी आम्हाला अडवलं. त्यांना सगळं गाव पोटकलम म्हणतं, तोंडावरसुद्धा. त्यांना तो हुद्दा वाटतो.

"बाई, तुमची फाइल आज परत करायचीय."

"परत? का?"

त्यांनी पहिलं पान दाखवलं. कोपऱ्यात आमचा जांभळा शिक्का: 'या तारखेस किंवा त्यापूर्वी परत करावे.' खाली आजची तारीख.

मी आत्याकडे पाहिलं. आत्याने छताकडे पाहिलं. आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तिचा हात आपोआप चौदा दिवसांचा शिक्का मारतो. मागे विजेच्या बिलाच्या चेकवर मारला होता. चेक तेराव्या दिवशी परत आला. माझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर मारला होता. ते मी मुकाट्याने परत केलं.

"अहो, चुकून मारलाय," मी म्हणाले. "खोडून टाका."

"खोडू?" पोटकलमांनी फाइल छातीशी धरली. "कार्यालयाचा शिक्का आहे हा. चुकून मारलाय, असं लेखी आणा. त्यावर शिक्का हवा."

तो शिक्का कुठला असेल हे तिघांनाही कळलं.

"तुमची देवघेव कधी बंद होते?"

"साडेपाचला," आत्या म्हणाली. "वाचनकक्ष सातपर्यंत."

"मग साडेपाचच्या आत विषय आला तर उत्तम. नाही आला तर मी स्वतः आणून देईन. उशिराचा डाग मला माझ्या सेवापुस्तकात नको."

आठ विषयांना साडेसहा तास म्हणजे चिक्कार. पण विषय क्रमांक चार होता, दुभाजकांना रंग कोणता द्यावा. दोनपर्यंत पिवळा आणि काळा होता. तीनला हिरवा आला. साडेतीनला एक नगरसेवक म्हणाले की मुळात दुभाजक हवेत कशाला, आणि चर्चा पहिल्यापासून सुरू झाली. प्रेक्षकांच्या बाकावर आत्या बसे, उठे, खिडकीपाशी जाई, परत येई. मी नखं संपवून पेनाच्या टोपणाला लागले होते.

पाच वाजून दहा मिनिटांनी पोटकलम उठले, फाइल काखेत घातली आणि दाराकडे निघाले.

"आत्या, काहीतरी कर!"

"नियमाने चाललेत ते. आडवी कशी पडू?"

"तुझ्या नियमांत बघ ना काही! एखाद्याला पुस्तक घरी नेता येत नसेल तर तो काय करतो?"

आत्या थबकली. एकोणीस वर्षांत त्या सभागृहात ती साधी खोकलीसुद्धा नव्हती. आता ती कठड्यावरून ओरडली, "अध्यक्षसाहेब! फाइल बाहेर ठेवता येणार नाही, पण आमच्याकडे बसून वाचता येते!"

सहा तास दुभाजक ऐकलेला माणूस कुठेही जायला तयार असतो. अध्यक्षांनी पोटकलमांना विचारलं, "सभेची जागा बदलता येते?"

पोटकलमांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "तरतूद आहे, साहेब. पूर आल्यास."

"आलाय, लिहा."

एकवीस नगरसेवकांनी रस्ता ओलांडला. दारातल्या वहीत एकेकाने सही केली. पाच सव्वीसला फाइल जमा झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत, त्यामुळे निम्मे बालविभागातल्या स्टुलांवर बसले, गुडघे कानांशी.

"सन्माननीय सदस्यहो," अध्यक्षांनी सुरुवात केली.

"शूऽऽ!"

आवाज वर्तमानपत्रामागून आला. मागे पेपरआजोबा होते. ते रोज चारला येतात आणि जाहिरातींसकट सगळं वाचून सातला जातात. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

दुभाजकवाले उभे राहिले. "माझा मुद्दा असा, की..."

"शूऽऽ!"

ते बसले. दुभाजक तिथेच वारले. पाच ते आठ विषयांच्या फाइली रस्त्यापलीकडे राहिल्या होत्या, ते आपोआप पुढच्या सभेत गेले. उरला नववा. आमचा प्रस्ताव हातोहात फिरला आणि तो अक्षरशः वाचला गेला. पालिकेत हे प्रथमच घडत होतं, कारण तिथे बोलण्यातून वेळ मिळत नाही. आत्या टेबलाची कड घट्ट धरून उभी होती.

फाइल अध्यक्षांकडे आली. त्यांनी पेन उघडलं आणि कुजबुजले, "बाई, 'कायम'च्या जागी 'यंदापुरते' करू? हाताला सवय आहे."

आत्याही कुजबुजली, "साहेब, इथल्या कागदांवर पेनाने काही लिहायला मनाई आहे."

अध्यक्षांनी भिंतीवरची नियमावली पाहिली. नियम सहा. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि हात वर करायची खूण केली. अठरा हात वर गेले. दोघे तटस्थ राहिले. एकजण कोपऱ्यात चित्रकथा वाचत होता, त्याला नंतर कळलं.

पोटकलमांनी ठराव लिहून घेतला. 'कायम' लिहिताना ते जरा अडखळले. हा शब्द त्यांनी यापूर्वी कुणासाठी लिहिलाच नसावा.

सगळे पांगले. अध्यक्ष दाराशी रेंगाळले. "म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही अर्ज घेऊन येणार नाही?"

"नाही," आत्या म्हणाली.

"येत होतात तेव्हा केबिनला जरा शोभा यायची."

"आता तुम्ही या. दहाला उघडतो. दोन फोटो आणि पत्त्याचा पुरावा आणा, सभासद करून घेते."

"पुरावा? अहो, मी नगराध्यक्ष आहे."

"तसंच लिहा," आत्या म्हणाली, "व्यवसायाच्या रकान्यात."